ते काय धरायचं

नवरी: धरत नाही? ते लग्न मी धरत नाही, असं सांगितलंत तुम्ही तिला?

मावशी: तू म्हणालीस तेच सांगितलं. आणि आवाज खाली कर. नोंदणी कचेरी आहे ही, तुमचं अंगण नाही.

नवरी: मी काय म्हणाले होते? सांगा ना. दुभाषी आहात, तुमच्या लक्षात असेल.

मावशी: नोंदणीच्या बाईंनी विचारलं, हा तुमचा पहिलाच विवाह आहे का. तू म्हणालीस, 'हो. म्हणजे एक मोडलं होतं, पण ते काय धरायचं.' आणि वर हसलीस.

नवरी: बरं. मग?

मावशी: मग मी सांगितलं, हो, यांचा एक विवाह मोडलेला आहे, पण तो त्या धरत नाहीत. शब्दाला शब्द. हसण्याचं भाषांतर करायचं नसतं.

नवरी: अहो, पण माझं लग्न झालंय कुठे आधी?

मावशी: बस इथे. ती जेवायला गेलीय. तू फेऱ्या घातल्यास म्हणून दार लवकर उघडणार नाही.

नवरी: मला बसवत नाही. तिने पेनाला टोपण लावलं ना, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलं. मला तुमच्या बोलण्यातला एकच शब्द कळला, मावशी. घटस्फोट. तो मला येतो, कारण आमच्या चष्म्याच्या कारखान्यात माझ्या शेजारी काच घासते ना, ती बाई दिवसातून चारदा तो शब्द म्हणते. म्हटलं, हा इथे कशाला आला?

मावशी: लग्न मोडलं, याला त्यांच्या भाषेत दुसरा शब्द नाही.

नवरी: ठरलेलं लग्न मोडलं हो. ठरलेलं! हॉल घेतला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि मोडलं. त्या माणसाच्या शेजारी मी फोटोला सुद्धा उभी राहिले नाही.

मावशी: मग 'ठरलेलं लग्न' असं म्हणायचं. विशेषणं कशाला असतात भाषेत?

नवरी: कोण म्हणतं असं? आमच्या घरी, शेजारी, अख्ख्या गल्लीत 'हिचं मोडलं' एवढंच म्हणायचे आणि प्रत्येकाला कळायचं. किराणावाल्याला कळायचं.

मावशी: मी किराणावाल्यासाठी भाषांतर करत नाही. आणि सकाळी जिन्यात तुला बजावलं होतं, विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं. 'हो' म्हणून गप्प बसायचं होतंस.

नवरी: शपथ घेतली म्हणून बोलले! म्हटलं, उद्या कोणी म्हणायला नको की हिने लपवलं. खरं बोलायला गेले आणि खोटारडी ठरले. तुमच्या तोंडून.

मावशी: माझ्या तोंडून नाही. तुझ्या तोंडून, माझ्यामार्फत.

नवरी: ही जी तुमची वाक्यं आहेत ना, मावशी, ती जरा बाजूला ठेवा. इकडे या. या खिडकीतून खाली बघा. दिसली गाडी? टपावर शिडी बांधलेली?

मावशी: दिसली.

नवरी: छपरं शाकारायची गाडी आहे ती. आज कामाला सुट्टी असून नवरदेव तीच घेऊन आला, कारण दुसरी नाही. अंगात नवा सूट घालून आत बसलाय आणि काचा वर केल्यात. मी आत्ता खाली जाऊन काचेवर टकटक करून आले. त्याने काच खाली केली नाही. ज्या माणसाने महिनोन्‌महिने माझे कागद घेऊन रांगा लावल्या, तो माझ्याकडे बघत नाहीये. आणि त्याची आई खाली बाकावर मांडीवर फुलं घेऊन बसलीय. मला बघून तिने नुसती फुलं सारखी केली.

मावशी: तो माझ्या भाषांतराने उठून गेला नाही. तू ओरडलीस म्हणून गेला.

नवरी: मी काय ओरडले?

मावशी: 'नाही लग्न, नाही लग्न.' त्यांच्या भाषेत, दोन्ही हात हलवून. तुला म्हणायचं होतं की आधी लग्न झालेलं नाही. तू म्हणालीस, मला लग्न करायचं नाही. बाईंनी मला विचारलं, वधूने नकार दिला असं लिहू का.

नवरी: लिहिलं?

मावशी: मी थांबवलं. म्हटलं, वधू गोंधळलीय, तिला तसं म्हणायचं नाही.

नवरी: अच्छा. म्हणजे माझ्या म्हणण्याचा अर्थ काय, ते तुम्हाला मनाने सांगता येतं. तिथे शब्दाला शब्द नव्हता.

मावशी: ते वेगळं.

नवरी: काय वेगळं? त्यांच्या भाषेत मी चुकले तर सांभाळून घेतलंत. माझ्याच भाषेत मी बरोबर बोलले तर अडकवलंत. एक शब्द विचारला असतात मला. 'अगं, मोडलं म्हणजे काय' एवढं. कुजबुजून.

मावशी: शपथ घेतल्यावर पक्षकाराशी खासगी बोलता येत नाही.

नवरी: मी पक्षकार नाही. शाळेत तुमच्या डब्यातलं खाणाऱ्या मैत्रिणीची मुलगी आहे.

मावशी: तीच तर चूक झाली. मी लग्नाची कामं घेत नाही. कोर्टाची घेते, इस्पितळाची घेते, पोलिसांची घेते, लग्नाचं आजवर एक घेतलं नाही. सगळ्यांना माहितीय. तुझ्या आईने फोनवर गळ घातली. म्हणाली, सख्ख्या नात्यातला दुभाषी तिथल्या कायद्याला चालत नाही, तू चालशील. म्हणून आले.

नवरी: आईला वाटलं, आपलं माणूस असेल शेजारी. मी पण तसंच समजत होते. कारखान्यातल्या मुलींना सांगून आले, माझी मावशी बोलणार आहे माझ्या बाजूने.

मावशी: बाजूने बोलतो तो वकील. दुभाष्याला बाजू नसते.

नवरी: आता ती जेवून आली की काय होणार, ते सांगा. सरळ सांगा. सगळं ऐकू येत होतं, पण कळलं काहीच नाही.

मावशी: सरळ सांगते. परक्या देशातल्या माणसाला इथल्या नागरिकाशी लग्न करायचं तर तो मोकळा आहे, हे त्याच्या देशाने लिहून द्यावं लागतं. तुझा तो दाखला त्यांच्याकडे आहे. त्यात लिहिलंय, अविवाहित. आणि तू शपथेवर सांगितलंस, एक मोडलं. म्हणजे त्यांच्या हिशेबाने दोन्हीतलं एक खोटं. एक तर घटस्फोटाचा निकाल आण, नाहीतर दाखला खोटा काढला असं लिहून दे. जेवण झाल्यावर तिला उत्तर हवंय.

नवरी: न झालेल्या लग्नाचा घटस्फोट कुठून आणू? आधी जाऊन त्या माणसाशी लग्न करून येऊ का?

मावशी: मी नियम सांगतेय.

नवरी: तो दाखला बाबांनी कसा मिळवला, माहितीय तुम्हाला? कारकून म्हणाला, झालेल्या लग्नाचा दाखला देतो, न झालेल्याचा कुठून काढू, न झालेलं कुठे लिहिलेलं असतं का? बाबा गुडघे धरून पुन्हा पुन्हा जिने चढले. मग त्यावर शिक्का, त्या शिक्क्यावर दुसऱ्या कचेरीचा शिक्का. मग इथे आमची नावं खालच्या फळ्यावर लावली, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. रोज कामावरून येताना बघायचे मी तो फळा. एका माणसाने हरकत घेतली नाही. अख्ख्या जगात कोणाची हरकत नव्हती, मावशी. तुमची निघाली.

मावशी: तोंड सांभाळ.

नवरी: नाही सांभाळत. महिनाअखेर माझा राहायचा परवाना संपतोय. आज लग्न झालं नाही तर पुढची तारीख त्यानंतरची. आणि खोटा कागद दिला असं एकदा नावापुढे लागलं, तर मला घालवून देतील आणि परत येऊ देणार नाहीत. हे तुमच्याच तोंडून ऐकलंय मी. तो इथे छपरांवर, मी तिथे. आणि त्याला जन्मभर वाटत राहणार, की हिने पहिला नवरा लपवला. मी त्याला समजावू कशी? माझी त्याची भाषा बाजारहाटाला पुरते, प्रेमाला पुरते. भांडायला नाही पुरत. त्यालाही मला तुमच्याच तोंडून सांगावं लागणार.

मावशी: मग काय करू म्हणतेस?

नवरी: आत जा आणि सांगा, भाषांतर चुकलं.

मावशी: चुकलेलं नाही.

नवरी: मावशी.

मावशी: तुला कळतंय का तू काय मागतेयस? दुभाष्याचं वाक्य एकदा नोंदलं गेलं की ते दुभाष्यालाच मागे घेता येतं. लेखी. शपथेवरचं भाषांतर चुकीचं केलं, असं लिहून दिलं की यादीतून नाव उतरतं. मग कोर्ट नाही, इस्पितळ नाही. या वयात मला कोणी कपडे घड्या घालायलाही ठेवणार नाही. तू तरुण आहेस, तुझं दुसरीकडे कुठेही होईल.

नवरी: काय होईल? लग्न?

मावशी: काहीही.

नवरी: आमच्याकडे काच केसभर जास्त घासली गेली तर ती फुकट जाते. आम्ही ती तशीच फ्रेमीत बसवून कोणाच्या डोळ्यांवर ठेवत नाही. मुकादमाला सांगतो, चुकली, दुसरी द्या. शिव्या खातो. त्या काचेतून दुसऱ्या कोणाला बघायचं असतं हो.

मावशी: चुकली असती तर सांगितलं असतं. लग्न मोडलं म्हणजे मोडलं. शुद्ध मराठी आहे. मला माझी भाषा शिकवू नकोस.

नवरी: शिकवावी लागतेय. विसरलात तुम्ही ती.

मावशी: काय म्हणालीस?

नवरी: विसरलात. तुमचं व्याकरण चोख आहे, माझ्यापेक्षा चोख. पण माणसं कशी बोलतात ते राहिलं नाही तुमच्याकडे. लग्न मोडतं ते व्हायच्या आधी. झाल्यावर मोडतो तो संसार. कोणालाही विचारा. नवरा-बायको वेगळे झाले तर आमच्याकडे कोणी 'लग्न मोडलं' म्हणत नाही. संसार मोडला म्हणतात. हे शाळेत शिकवत नाहीत, पण चार बायका ओट्यावर बसल्या की कळतं. तुम्ही कधी बसला होतात शेवटच्या, तेच आठवत नसेल.

मावशी: संसार मोडायला तो आधी मांडावा लागतो.

नवरी: म्हणजे?

मावशी: काही नाही.

नवरी: काही नाही कसं? आता बोललात तर पूर्ण बोला.

मावशी: म्हटलं ना, काही नाही. पाणी पी. ओठ सुकलेत तुझे, रंग गेला सगळा.

नवरी: मावशी, तुमचे यजमान जहाजावर असतात ना? आई म्हणायची, म्हणून तुम्ही एकट्या येता.

मावशी: तुझ्या आईला मी तसं कळवलं होतं. मग एवढी वर्षं गेली की नंतर त्याला जहाजावरून उतरवायचं कसं, ते सुचलं नाही.

नवरी: म्हणजे ते नाहीतच?

मावशी: आहे. याच गावात आहे. नदीपलीकडे दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. मुलं मोठी आहेत त्याची. मी त्या पुलावरून जात नाही, एवढंच.

नवरी: इथलाच माणूस?

मावशी: इथलाच. तुझ्या कौलवाल्यासारखा. आणि तुझ्यासारखाच शिक्क्यावर शिक्का मारून आणलेला दाखला, फळ्यावर नावं. याच आतल्या खोलीत सह्या केल्या आम्ही. आणि घर बघायला म्हणून गेलो, तर दोन खोल्या बघेपर्यंत त्याला कळलं की त्याला हे नको होतं. भांडी घेतली नव्हती आम्ही अजून. पडदे नव्हते. संसार कुठला मोडणार? मांडलाच नव्हता. लग्न तेवढं होतं. ते मोडलं. मग त्याला मी दुसरं काय म्हणायचं?

नवरी: मला माहीत नव्हतं.

मावशी: कोणालाच नाही. मराठीत मी हे आज पहिल्यांदा म्हणतेय. मनात म्हणत होते इतकी वर्षं, 'माझं लग्न मोडलं.' तिथे ओट्यावरच्या बायका नव्हत्या मला दुरुस्त करायला.

नवरी: मी तसं म्हणायला नको होतं.

मावशी: म्हणालीस ते बरोबर म्हणालीस. तेच तर झोंबलं. आणि आत काय झालं, सांगू? तू आलीस, साडी नीट केलीस, हसलीस आणि म्हणालीस, 'एक मोडलं, पण ते काय धरायचं.' इतक्या सहज. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, ही पोरगी मोडलेलं लग्न असं झटकून टाकते? धरायचं नाही म्हणते? मला एक दिवस ते न धरता काढता आला नाही. म्हणून त्या बाईला मी ते जसंच्या तसं सांगितलं. ठसक्यात सांगितलं. थांबून तुला विचारावं असं मनातही आलं नाही. चिडले होते मी तुझ्यावर.

नवरी: माझ्यावर? मी काय केलं होतं तुमचं?

मावशी: काही नाही. हसली होतीस.

नवरी: आणि तुमच्या त्या रागापायी माझा माणूस खाली काचा वर करून बसलाय. मला तुमचं वाईट वाटतंय मावशी, खरंच वाटतंय. पण माझा राग गेलेला नाही. जाणार पण नाही एवढ्यात. तुमच्या बाबतीत जे झालं ते मी केलं नव्हतं. तुम्ही ते माझ्या नावावर लिहून टाकलंत.

मावशी: हो.

नवरी: नुसतं हो म्हणू नका.

मावशी: मग काय म्हणू? भांडायला मला आता मुद्दा नाही. तू घालवलास तो. लग्न मोडतं व्हायच्या आधी, हे कुठून आणलंस कोण जाणे, पण आता डोक्यातून जायचं नाही.

नवरी: त्या बाईच्या चपला वाजताहेत. जिन्यावर. आली ती.

मावशी: ऐकलं मी. पदर नीट कर. डोळे पूस. नाही, तू इथेच थांब.

नवरी: मी नको आत? मी सांगते ना तिला, मी रडते, हाता-पाया पडते.

मावशी: काही पडायचं नाही. आणि तिच्या भाषेत एक अक्षर बोलायचं नाहीस, मेहेरबानी कर. आहे तेवढं पुरे झालं. माझी पिशवी धर.

(मावशी आत जाते. दार लागतं. बऱ्याच वेळाने ती दुसऱ्या बाजूच्या जिन्याने वर येते, धापा टाकत.)

नवरी: तुम्ही खालून कशा आलात? मी इथे दाराकडे डोळे लावून बसलेय.

मावशी: आतून दुसरा जिना आहे. तुझ्या कौलवाल्याकडे जाऊन आले. काच खाली करत नव्हता. बोटातल्या अंगठीने वाजवत राहिले, शेवटी कंटाळून केली.

नवरी: काय म्हणाला?

मावशी: आधी काही नाही. मग विचारलं, तिने नाही म्हटलं ते खरं का. म्हटलं, तिची भाषा कच्ची आहे आणि तू शिकवणारा बरा नाहीस. आईला घेऊन वर येतोय. फुलं तिने मघाशी गाडीत नेऊन ठेवली, ती काढायला गेलाय.

नवरी: आणि आत? त्या बाईला काय सांगितलंत इतका वेळ?

मावशी: सांगितलं, की मोडलेलं लग्न तिचं नाही, माझं आहे.

नवरी: असंच?

मावशी: दुसरं कसं सांगणार? तिने विचारलं, इतकी वर्षं काम करणारा माणूस असा चुकतो कसा. खरं सांगितल्याशिवाय तिला पटलं नसतं. मग लिहून घेतलं. तिने वाचून दाखवलं, मी सही केली.

नवरी: म्हणजे तुमचं नाव?

मावशी: उतरेल. उद्यापासून. आजचं काम पुरं करा म्हणाली, आयत्या वेळी दुसरा दुभाषी मिळणार नाही.

नवरी: मावशी, मी अजून चिडलेलीच आहे.

मावशी: राहा. लग्न झाल्यावर ये घरी आणि भांड, मी कुठे जात नाही. आता चल, तो आला वर. ती तुला विचारेल, तू 'हो' म्हण. पुढे एक शब्द नको. मग मला ते त्यांच्या भाषेत म्हणायचंय, त्याच खोलीत, आणि मला ते नीट जमायला हवं.